काडीवरचा कापूस

माझ्या घरात कानात काडी घालायला बंदी आहे. परवा सुनेने दोन्ही टोकांना कापूस लावलेल्या काड्यांची प्लास्टिकची डबी आणली, तेव्हा मी ती तिच्यासमोरच उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवली. यंत्राच्या खाचाखोचांतली धूळ पुसायला त्या काड्या फार छान. सून म्हणाली, "आई, सगळं जग वापरतं." मी म्हटलं, "डबीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच. कानाच्या आत घालू नये, असं लिहिलंय. विकणाऱ्यालाच भरवसा नाही आणि तू मला सांगतेस?" तिला पटलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून हे लिहायला घेतलं. या विषयातलं मला कळतं, आणि ते मी पुस्तकात वाचलेलं नाही.

मी जळगावात वाढले. आमचं घर एका जिनच्या भिंतीला लागून होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिथे फिटर होते. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत हंगाम, आणि हंगामभर मशीनं थांबायची नाहीत. आमच्या फळीवरची भांडी सारखी थरथरत असायची. पाहुणे यायचे ते कपाळाला हात लावून बसायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट मशीन बंद पडलं की घरात सगळे एकदम मान वर करायचे.

जिनच्या आत बोलून उपयोग नसायचा, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलायचे. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, तळहात सपाट फिरवला की मशीन थांबव, कोपराला टिचकी मारली की मालक येतोय. आबांनी ही भाषा घरीही आणली होती. आई त्यांना चुलीपाशी बसूनच हाताने विचारायची, अजून एक भाकरी? ते बोटांनीच नको म्हणायचे. बाहेरच्या माणसाला वाटायचं, काय गोड जोडपं आहे, न बोलता एकमेकांचं कळतं! गोड होतंच. पण आबांना ऐकू कमी येत होतं, हे या हातवाऱ्यांमुळे कितीतरी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्या सुद्धा नाही. जिनमधले सगळेच ओरडून बोलायचे. त्यात एक जण जास्त ओरडला तर कोण लक्ष देतो?

आबांचं म्हणणं असं, की आपल्याला ऐकायला जड जातं ते भुऱ्यामुळे. जिनमध्ये रुईचा बारीक भुरा हवेत तरंगत असतो. तो भुवयांवर बसतो, मिशांवर बसतो, मग कानात बसणारच की. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुण्याआधी ते उंबऱ्यावर बसायचे, खिशातली आगपेटी काढायचे, दुसऱ्या खिशातला रुईचा पुंजका काढायचे, काडीचा गुल मोडून टोकाला रुई गुंडाळायचे आणि डोळे मिटून कान कोरायचे. बाहेर आलेली काडी उजेडात धरून बघायचे. तिच्यावर फारसं काही नसायचं. "आत शे," ते म्हणायचे, म्हणजे आत आहे, "खोल शे."

रविवारी आमची पाळी. घराच्या पुढच्या ओट्यावर ऊन यायचं, तिथे आबा मांडी घालून बसायचे. आम्ही भावंडं एकेक करून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायचो. आधी लसूण टाकून गरम केलेलं आणि मग कोमट केलेलं तेल, मग काडी. त्यांचा हात हलका होता, हे मी कबूल करते. मला तर तिथेच झोप लागायची. त्या मांडीला तेलाचा, लोखंडाचा आणि सरकीचा वास यायचा. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही.

रुई मात्र जिनचीच. शेजारच्या कंपाउंडर काकांनी एकदा दवाखान्यातला निळ्या कागदातला कापूस आणून दिला, तर आबांनी तो चिमटीत ओढून बघितला आणि तोंड वाकडं केलं. धागा आखूड, म्हणाले. "जळगावमा ऱ्हाईसन कापूस इकत लेवाना?" जळगावात राहून कापूस विकत घ्यायचा, याची त्यांना खरोखरच लाज वाटली. आबा रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. व्यापारीसुद्धा त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवत. अशा माणसाने लेकरांच्या कानात आखूड धाग्याचा कापूस घालायचा म्हणजे काय?

आता इथे एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जिनची रुई पाणी पीत नाही. तिच्या अंगात तिचं स्वतःचं तेल असतं. आम्ही पोरं पावसाच्या डबक्यात पुंजके टाकायचो, ते होडीसारखे तरंगत राहायचे. दवाखान्यातला कापूस उकळून, धुऊन घेतलेला असतो, म्हणून तो ओल शोषतो आणि काडीला धरून राहतो; जिनची रुई ओल्या जागी काडीवरून निसटते. हे तरंगणारे पुंजके आबांनीही बघितले होते, मीही बघितले होते. पण डबकं वेगळं आणि कान वेगळा, अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर मुली घेणार असल्याचं कळलं. मी अर्ज केला. मुलाखतीत मला विचारलं, आवाज मोठा आहे का? मी म्हटलं, जिनच्या भिंतीला लागून घर आहे. तेवढ्यावर ते हसले आणि माझं काम झालं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, त्यातही मुख्य कानांची. ती जळगावात न होता धुळ्याला का होती, ते सरकारलाच ठाऊक.

या नोकरीवर माझं काय अडलं होतं तेही सांगते. बोदवडचं एक स्थळ तयार होतं. घर चांगलं, माणसं सालस, मुलाचं किराणा दुकान. आई म्हणायची, नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर अक्षय्यतृतीयेला उरकून टाकू. माणसांबद्दल माझी तक्रार नव्हती. पण मला दुकानामागच्या खोलीत तूरडाळ निवडत बसायचं नव्हतं. मला कानाला यंत्र लावून खुर्चीत बसायचं होतं, आणि मुंबईला नागपूर जोडून द्यायचं होतं. हे मला इतकं हवं होतं, की त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

आबा माझ्या बाजूचे होते. त्यांनी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं. "आपला जिनना हापिसमा टेलिफोन शे," ते मला म्हणाले. "तू तठून बोलशी, मी आठून ऐकसू." तू तिथून बोलशील, मी इथून ऐकेन. जिनच्या ऑफिसातला तो काळा टेलिफोन मुनीमजींच्या गादीजवळ असायचा आणि फिटरला त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. पण लेक पलीकडून बोलणार म्हटल्यावर आपल्याला बोलावणं येणारच, असा त्यांचा हिशोब.

तर, तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारीच, आबांनी माझे कान साफ करायला घेतले. सरकारी डॉक्टर आत बघणार, तिथे मळ निघाला तर घराची काय शोभा! त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तेल ओतलं, नेहमीपेक्षा जास्त रुई गुंडाळली आणि जास्त वेळ घेतला. उजव्या कानातून काडी बाहेर आली ती नुसती काडी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या धोतरावर, ओट्यावर, माझ्या परकरावर सगळीकडे रुईचे धागे होतेच. पडला असेल इथेच कुठेतरी, असं समजून त्यांनी नवी रुई गुंडाळली आणि आणखी एकदा आत फिरवली. पहिला पुंजका दुसऱ्याने आणखी आत ढकलला आणि दुसऱ्यातलीही थोडी रुई आतच राहिली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, वेणी घातली आणि आबांबरोबर धुळ्याची एस.टी. पकडली. घरी जिनच्या आवाजात कळलं नव्हतं, पण एरंडोल गेलं तोवर माझ्या ध्यानात आलं, की गाडी फक्त डाव्या बाजूनेच वाजते आहे. कंडक्टरने दोरी ओढली तर घंटी डाव्या कानात. उजवीकडे आबा बसले होते. ते काहीतरी बोलत होते आणि मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी डावा कान हाताने झाकला. जग बंद झालं होतं.

आता हे आबांना सांगायचं कसं? मी हळू सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं, तरी नाही. हातवाऱ्यांच्या भाषेत बहिरेपणाला खूणच नव्हती. जिनमध्ये तिची गरज कोणाला पडणार? शेवटी मी ओरडले, "आबा, माझा उजवा कान बंद झालाय!" अख्ख्या एस.टी.ने ऐकलं. तेव्हा कुठे आबांना कळलं, तेही बाकीच्यांच्या माना वळलेल्या बघून.

मग काय विचारता! सगळी गाडी वैद्य झाली. पुढच्या सीटवरच्या पागोटेवाल्या बाबांनी सांगितलं, नाक दाबून फुंकर मार. मी मारली. कंडक्टरने कानामागची पेन्सिल काढून दिली, पण ती मी घेतली नाही. एका बाईने डोक्यातला आकडा काढून पदराला पुसला आणि माझ्याकडे हात केला. "घाल वो माय कानमा, बठ्ठं बाहेर यी जाई," ती म्हणाली, म्हणजे सगळं बाहेर येईल. मागून कोणी बिडीचा धूर सोडायला सांगितला. एवढ्या सगळ्यांत कानात काही घालू नकोस असं म्हणणारा एकही निघाला नाही. आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही, तो तिकिटाबरोबरच मिळतो. मी दात आवळून खिडकीबाहेर बघत बसले. रडू येत होतं, पण त्या आकडेवालीसमोर रडणार नव्हते.

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो. आबांनी मला बाजूला एका कडुलिंबाखाली नेलं आणि खिशातून आगपेटी काढली. दुसऱ्या खिशातून रुई काढली. ते म्हणाले, बस, आत्ता काढतो.

मी नाही म्हटलं.

आबांना मी आयुष्यात त्याआधी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा काडी पुढे केली. मी त्यांच्या हातातून ती घेतली, मोडली आणि टाकून दिली. मग तळहात सपाट फिरवला, मशीन थांबव. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आगपेटी खिशात ठेवली. स्टँडच्या फाटकाशी लाल पागोट्यात सळ्या खोचलेला एक कान साफ करणारा बसला होता. आबांचे डोळे तिकडे वळलेले बघून मी त्यांचा हात धरला आणि सरळ सरकारी दवाखान्याचा रस्ता पकडला. त्या दिवशी मला माझ्याच पायांतल्या ताकदीचं नवल वाटलं.

डॉक्टर मध्यमवयीन होते, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तिरकस. त्यांनी कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढला, कानात नळकांडं लावलं, बघितलं आणि म्हणाले, "बाई, हा कान आहे की गोदाम?" मग लांब चिमट्याने, अगदी सावकाश, त्यांनी तो पुंजका ओढून काढला. आधी एक, मग त्याच्यामागचा दुसरा. त्या क्षणी खोलीतला पंखा, बाहेरची सायकल, ओसरीत रडणारं मूल, सगळं एकदम माझ्या कानात शिरलं. इतका सुंदर गोंगाट मी पुन्हा ऐकला नाही.

डॉक्टरांनी तो पुंजका स्टीलच्या वाटीत टाकला. आबा पुढे वाकले. त्यांनी तो तेलकट, चिकट पुंजका वाटीतून उचलला, सवयीने दोन्ही चिमटींत धरला आणि ओढून बघितला. "आपलाच शे," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं, आणि देवाशपथ सांगते, थोडा अभिमानही होता. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग डॉक्टरांनी मला चांगलं फैलावर घेतलं. कानातला मळ हा मळ नाही, ती कानाची राखण आहे. तो धूळ अडवतो आणि जेवताना, बोलताना जबडा हलतो तसा आपला आपण बाहेर सरकतो. तुम्ही काडी घालता आणि बाहेर येणाऱ्याला पुन्हा आत ढकलता. बाहेरून दिसतं तेवढं पंचाने पुसा, बाकी कानाला त्याचं काम करू द्या. दुखलं, बंद झालं तर आमच्याकडे या. एवढंच ते म्हणाले. हेच आईने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. सोनारानेच कान टोचावे लागतात ते असे. पडदा शाबूत होता, पण कान आतून लालसर झाला होता. आज तपासणी केली तर मी नापास करीन, ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात ये. मी विचारलं, तोवर माझी जागा राहील? "मी आहे ना," ते म्हणाले. तिरकस माणसं शब्दाला पक्की असतात, हा माझा अनुभव आहे.

आम्ही निघत होतो. डॉक्टर आबांना काहीतरी म्हणाले. आबा दाराकडे चालतच होते. डॉक्टर पुन्हा म्हणाले, मोठ्याने. आबा वळले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी मला खूण केली आणि मी आबांना परत आणून त्या खुर्चीवर बसवलं.

आबा आनंदाने बसले. हे मला आजही आठवतं. लेकीच्या कानातून निघालं तसं आपल्याही कानातून आता निघणार, वर्षांचा भुरा, मोठा गोळा, आणि मग सगळं ऐकू येणार, अशी त्यांच्या तोंडावर उघड आशा होती. डॉक्टरांनी उजवा कान बघितला, डावा बघितला. आरसा कपाळावर सरकवला.

"स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "काहीच नाही."

मी आबांच्या तोंडासमोर जाऊन ते सांगितलं. आबांनी मान हलवली. "नीट देखा साहेब," ते म्हणाले, "आत शे. खोल शे." डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, खरोखर बघितलं. मग लोखंडी चिमट्यासारखं एक वाजणारं यंत्र टेबलावर आपटून त्यांच्या कानाजवळ धरलं, कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि मला हळू आवाजात सांगितलं, की हे मशीनच्या आवाजाने झालंय, आतल्या नसा गेल्यात, यावर काडीही नाही आणि औषधही नाही.

मी आबांना त्यातलं काय सांगायचं ते ठरवत होते. गरज पडली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. ते खुर्चीतून उठले, डॉक्टरांना हात जोडले, खिशातून आगपेटी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. परतीच्या गाडीत मी त्यांचा हात धरून बसले. पारोळा येईपर्यंत माझं रडं थांबलं नाही. कान उघडा झाल्याचा आनंद आणि हे दुःख, दोन्ही एकाच डोळ्यातून वाहत होतं आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले आणि पास झाले. बोदवडच्या मुलाला पुढे पाचोऱ्याची चांगली बायको मिळाली, त्याच्या लग्नाला मी अहेर घेऊन गेले होते. आमच्या ओट्यावरचा रविवारचा कार्यक्रम बंद झाला. आबा मात्र ऊन आलं की तिथे बसायचे, आणि मी कधीकधी उगाच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायचे. ते माझ्या कानाच्या पाळीवरून नुसतं बोट फिरवायचे.

शिकाऊ काळ संपून टेलिफोनच्या बोर्डावर बसले तेव्हा पहिल्या मोकळ्या क्षणी मी जिनचा नंबर जोडला. खासगी बोलायला मनाई होती, पण लाइन तपासायला कोण मना करणार? मुनीमजींनी फोन उचलला. मी सांगितलं, आबांना बोलवा. मागे मशीनं गरजत होती. तो आवाज तारेतून येऊन माझ्या दोन्ही कानांत भरला, आणि मला तो आवडतच आला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा राग आला. मुनीमजी ओरडून काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. मग पावलं, मग खरखर. आबांनी फोन हातात घेतला होता. मी काय बोलायचं ते आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं, पण आधी ती खरखर थांबायची वाट बघत होते.

"ऐकू यी ऱ्हायनं माय," पलीकडून आबा मोठ्याने म्हणाले, अख्ख्या ऑफिसाला कळावं असं. "बठ्ठं ऐकू यी ऱ्हायनं मले. किती गोड बोलस तू!"

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.